फुलांचं रिटा बघेल

"मॉम्स मोर ऑफ अ फ्लॉवर्स पर्सन," मार्क म्हणाला आणि बशीतली चकली उचलून त्याने तोंडात टाकली. वाक्य एवढंच. बाहेर उमाताईंच्या ड्राइव्हवेवर फेब्रुवारीतला बर्फ दोन्ही बाजूंना सरळ रेषेत शोव्हल करून ठेवलेला होता, आत हीटिंगची एकसुरी घरघर चालली होती, आणि रिटाने बोलण्यासाठी तोंड उघडलेलं होतं. ते तिने मिटलं. क्षणभरापूर्वी उमाताईंनी विचारलं होतं, "मार्क, तुमच्याकडे संगीताचं कुणाला काही अंग?" आणि त्या प्रश्नाबरोबर रिटाच्या पोटातून काहीतरी ऊन ऊन वर आलं होतं, जसं लहानपणी शाळेत उत्तर येत असताना यायचं. तीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. कपसुद्धा तिने खाली ठेवला होता, दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून. आणि मग मुलाचं ते वाक्य. फुलांचं माणूस. तिच्या घरात फुलं यायची ती ईस्टरला, चर्चमधून उरलेली. उमाताईंनी समोरच्या कागदावर लिहिलं आणि लिहिताना मोठ्याने म्हटलं, "फुलांचं रिटा बघेल." मग पेन वर धरून त्या हसल्या. "म्हणजे संगीत माझ्याकडे. राग मानू नका हं रिटा, पण मागे आम्ही एका कॅथलिक लग्नाला गेलो होतो, तिथे गिटार काय, टाळ्या काय. ईशिताची फार इच्छा आहे की चर्चमध्ये क्लासिकलच हवं. आम्ही पंचवीस वर्षं सिंफनीचे सबस्क्रायबर आहोत, तेव्हा मला थोडंफार कळतं." त्यांचे यजमान राजन, त्यांच्यासारखेच निवृत्त डॉक्टर, हृदयरोगतज्ज्ञ, डोळे मिटून मान हलवत होते. त्यांची मुलगी ईशिता, जिच्याशी जूनमध्ये मार्कचं लग्न व्हायचं होतं, ती फोनवर चर्चचे फोटो बघत होती. आणि रिटाचा नवरा बेसिल आपल्या पायातल्या मोज्यांकडे बघत होता, जणू त्यांच्यावर काही लिहिलं आहे.

परतताना गाडीत तिने विचारलं, "तू का नाही बोललास?" बेसिलने वायपर चालू केले. "काय बोलायचं त्यात? सोड ना." हा शब्द तो तीस वर्षं वापरत होता, आणि दर वेळी असा सांभाळून, की ज्याला सोडायचं त्याचं नाव घ्यावं लागू नये. रिटाने काचेवर डोकं टेकलं. दोन्हीकडून काँडोंचे मनोरे मागे सरकत होते. तिला वाटत होतं, आपण उमाताईंवर चिडलो आहोत. मग लक्षात आलं की उमाताईंना बिचाऱ्यांना काय माहीत. चीड मुलाची होती, आणि मुलाची चीड कुठे ठेवायची हे कुठल्याच आईला शिकवलेलं नसतं. ती मग दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकावी लागते.

तिचे वडील वसईकडच्या एका गावातल्या चर्चचे कॉयर मास्तर होते. एका म्हाताऱ्या स्पॅनिश फादरने मायदेशी जाताना नोटेशनांनी भरलेली एक पत्र्याची पेटी त्यांच्या हवाली केली होती, आणि ती सगळी त्यांनी स्वतःच्या बारीक अक्षरात उतरवून काढली होती. व्हायोलिन शिकायला मुलगेच यायचे. रिटा दाराशी बसून ऐकायची. नवव्या वर्षी एकदा तिने मुलगे गेल्यावर वाद्य उचललं आणि त्यांचा आठवड्याचा धडा वाजवून दाखवला, तेव्हा वडिलांनी फक्त तिची हनुवटी दोन बोटं डावीकडे सरकवली. चौदाव्या वर्षापासून ती लग्नांत वाजवू लागली. अठ्ठाविसाव्या वर्षी, स्वतःच्या लग्नाच्या आदल्या रविवारपर्यंत, ती वाजवत होती. कुठल्या लग्नाला काय वाजवायचं हे वडिलांनी तिला शिकवलं ते कुणी पुस्तकात शिकवत नाही. आदल्या दिवशी चर्चची मधली वाट स्वतः चालून मोजायची. नवरी जाड आहे का, बाप लंगडतो का, झगा केवढा, सगळं विचारून घ्यायचं. धून दारात सुरू व्हायला हवी आणि वेदीपाशी संपायला हवी; मधेच तोडलेली धून म्हणजे मधेच टाकलेली बाई, ते म्हणायचे. रजिस्टरवर सही करताना लोक बोलतात, तेव्हा असं वाजवायचं की त्यांच्या बोलण्याला लाज वाटू नये. नाटकातलं, ऑपेरातलं काही आत आणायचं नाही, कितीही गोड असो. आणि एक वही होती, तिला काळी दोरी. ती मयताची. त्या वहीतलं लग्नात चुकूनसुद्धा वाजवायचं नाही, कारण ऐकणाऱ्याला कळत नसलं तरी वाजवणाऱ्याला कळतं, आणि ज्याच्याकडून आशीर्वाद जायचा त्याच्याकडून दुसरंच काही जातं. हे सगळं रिटाने सोबत कॅनडाला आणलं होतं. व्हायोलिनही आणलं होतं, विमानात मांडीवर घेऊन. मार्क दोन वर्षांचा असताना विमानतळाजवळच्या फ्रोझन जेवणाच्या एका फॅक्टरीत पट्ट्यावर तिच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाची पेरं मशीनमध्ये गेली, दीड पेर. इमर्जन्सीमधला तरुण डॉक्टर टाके घालताना धीर देत म्हणाला होता, यू आर लकी, इट्स नॉट युअर राइट हँड. आणि ती हसली होती. त्या हसण्याचं तिला अजून नवल वाटायचं. मनुष्य इतक्या मोठ्या गोष्टीला इतकं लहान हसू शकतो. पुढच्या महिन्यात तिने व्हायोलिन पॅरिशच्या शाळेत सिस्टरला देऊन टाकलं. बेसिलने घरातल्या कॅसेटी कुठेशा नेऊन ठेवल्या. त्यानंतर घरात रेडिओवर बातम्या लागायच्या.

मार्चमध्ये उमाताईंनी यादी पाठवली. रिटा तेव्हा फुलांच्या होलसेल दुकानाच्या थंड खोलीत उभी होती, कारण फुलांचं तिने खरोखरच मनावर घेतलं होतं. एखादं काम आपल्यावर अपमान म्हणून टाकलं गेलं तरी ते चोख करायचं ही तिची जुनी खोड. समोर बादल्यांमधून पांढरे गुलाब, लिली, यूकॅलिप्टसच्या फांद्या. फोन वाजला, तिने हातमोजा दाताने ओढून काढला आणि यादी उघडली. नऊ धुना. ती वाचू लागली आणि वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की आपण वाचत नाही, ऐकतो आहोत. पहिली, लोक बसेपर्यंतची: ठीक. दुसरी: ठीक, सगळीकडे वाजते ती. तिसरी चांगली निवडली होती, तिला कबूल करावं लागलं. आणि चौथी, वधूच्या आगमनाची. लार्गो, म्हणजे सावकाश वाजवायची धून, आणि पुढे एका जुन्या इटालियन संगीतकाराचं नाव. फोन धरलेल्या डाव्या हाताची बोटं फोनच्या पाठीवर आपोआप हलली. दुसरं, पहिलं, दुसरं, आणि मग जिथे चौथ्या बारमध्ये, म्हणजे नोटेशनच्या चौथ्या खंडात, तिसऱ्या बोटाने वरचा सूर घ्यायचा तिथे ते थोटूक हवेत थरथरलं आणि थांबलं. काळ्या दोरीच्या वहीतलं पान. वडिलांच्या अक्षरात कडेला लिहिलेलं होतं: आई, मुलाच्या शवपेटीमागून. धून गोड होती, चांगली खुली, उजेडाची. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं की सकाळ झाली आहे. तीच तिची गोम होती. "वरचं ऐकू नकोस, खालचा सूर बघ," वडील सांगायचे. "एकेक पायरी खाली उतरतो. बाई गोड गाते आहे, कारण मुलगा निजला आहे असं ती स्वतःला सांगते आहे. पण पाय कुठे चाललेत ते खालच्या सुराला माहीत आहे." दफनभूमीच्या वाटेवर त्यांनी ती दोनदाच वाजवली होती. दोन्ही वेळा मुलगे गेले होते, म्हातारे आईबाप मागे राहिले होते.

खाली उमाताईंचा मेसेज होता: "रिटा, ४ नंबर नक्की ऐका यूट्यूबवर. इतकी गोड आहे! ईशिता त्यावर चालत येईल." रिटाने टाइप केलं, उमाताई, चार नंबरची धून लग्नात. तिथे ती थांबली. गुलाबांच्या बादल्यांवरून गार वाफ तिच्या पायांवर येत होती. पुढचा शब्द साधा होता. 'वाजवत नाहीत.' मग उमाताई विचारतील, तुम्हाला कसं माहीत? मग ती सांगेल. मग त्या म्हणतील, अय्या, मग तुम्ही तेव्हा का नाही बोललात? आणि मग रिटाला त्या सगळ्यांपुढे, त्या कार्पेटवर, त्या बशीसमोर पुन्हा बसावं लागेल, आणि मार्क म्हणेल, ओ. राइट. असं काहीतरी. तिने टाइप केलेलं खोडलं. लिहिलं, "छान आहे." उमाताईंनी लगेच जोडलेले हात पाठवले. रिटाने फोन खिशात टाकला, आणि पांढऱ्या गुलाबांची ऑर्डर देताना तिला जाणवलं की आपण मघापेक्षा ताठ उभ्या आहोत. बरं वाटत होतं. फार वर्षांनी इतकं बरं वाटत होतं, आणि ते कशामुळे हे तिला नीट ठाऊक होतं.

तो वसंत तिने त्या एका माहितीवर काढला. उमाताई फोनवर केटररबद्दल, हिंदू विधीच्या गुरुजींबद्दल, झग्याच्या फिटिंगबद्दल बोलत, त्यांच्या त्या स्वच्छ पुणेरी मराठीत, जिच्यासमोर रिटाची वसईची बोली आपोआप कपडे सावरून बसायची. आणि रिटा हो उमाताई, बरं उमाताई म्हणत आत त्या माहितीला चाचपून बघायची, जिभेने किडका दात चाचपावा तसं. सिंफनीचे सबस्क्रायबर. पंचवीस वर्षं मखमली खुर्चीत बसून तुम्हाला वरचा सूरच ऐकू आला. कधी कधी बसमध्ये, ग्रोसरीच्या पिशव्या पायांत धरून, ती स्वतःशी वाद घालायची. कुणाला कळणार आहे? कुणालाच नाही. मग नुकसान काय? काही नाही. मग सांगितलं नाही तर बिघडलं कुठे? आणि नुकसान नसेल तर मग हा आनंद कसला? ह्या शेवटच्या प्रश्नाशी आल्यावर बस नेमकी तिच्या स्टॉपला थांबायची. उपवासकाळात ती कन्फेशनला गेली. शेजारणीबद्दल वाईट बोलले, नवऱ्यावर चिडले, प्रार्थना चुकवली, असं सगळं सांगून झालं. हे सांगितलं नाही. ह्याला काय म्हणायचं हेच तिला ठरवता येईना. न बोलणं हे पाप असेल तर तिचं अर्धं आयुष्य त्यातच गेलं होतं, आणि त्या अर्ध्या आयुष्याबद्दल तिला आजवर सगळ्यांनी सोशिक म्हटलं होतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी, गुरुवारी दुपारी, चर्चमध्ये तालीम होती. जूनचं ऊन रंगीत काचांतून बाकांवर पडलं होतं. चौघा वादकांपैकी दोघंच आली होती, एक तरुण सेलोवाला आणि एक पांढऱ्या केसांची, पाठीत वाकलेली बाई, व्हायोला वाजवणारी. फादरनी सगळ्यांना जागा दाखवल्या. ईशिता वडिलांच्या हाताला धरून दारातून निघाली. राजनच्या गुडघ्यांमुळे ती दोघं सावकाश चालत होती, आणि व्हायोलावर चौथी धून सुरू झाली. रिटा पुढच्या बाकावर बसली होती. तीन महिने जी धून तिने आत वापरली होती ती बाहेरून, खऱ्या लाकडातून, खऱ्या तारेतून आली तेव्हा तिच्या मानेवर काटा आला. ती संपली तेव्हा बापलेक अजून वाटेच्या मध्यावर होती. शांततेत राजनच्या बुटांचा आवाज तेवढा येत राहिला. "इट्स टू शॉर्ट, आई," ईशिता तिथूनच म्हणाली. कुणी वाट मोजली नव्हती. रिटाला गंमत वाटली, आणि त्या गमतीत ती असतानाच उमाताई उभ्या राहिल्या. "मग सोपं आहे. तीन नंबर मोठी आहे, ती ईशिताला. आणि चार नंबर मार्क आणि रिटासाठी. मुलगा आईचा हात धरून येणार, नाही तरी ती पहिली एंट्री. ही गोड धून वरमाईला. मान तुमचा, रिटा." त्या मनापासून बोलत होत्या. तेच वाईट होतं. "या ना, एकदा चालून बघा."

ती उठली. दाराशी मार्क उभा होता, जीन्समध्ये, हातात गाडीच्या किल्ल्या. त्याने कोपर पुढे केलं आणि तिने त्यात हात घातला. बत्तीस वर्षांचा तो दंड, तिच्यापेक्षा टीचभर उंच खांदा. म्हातारीने मान हलवली आणि सुरुवात केली, सेलोने खालचा सूर धरला. एक पायरी. दुसरी. रिटा चालू लागली. तिला वाटलं होतं, ही धून आपण उमाताईंच्या अंगणात गुपचूप पुरून ठेवली आहे. ती आता आपल्या पायाखाली होती. कडेला लिहिलेलं अक्षर तिला दिसत होतं, शाईचा तो जांभळट रंग, 'मुलाच्या' ह्या शब्दावर पडलेला डाग. आपल्याच मुलाच्या बाजूने आपण चालतो आहोत, मागून नाही, हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं. "यू ओके?" मार्कने खालच्या आवाजात विचारलं. "बूट चावतोय," ती म्हणाली. सेहेचाळीस पावलं झाली. वेदीपाशी धून अगदी नेमकी संपली, पाऊल आणि सूर एकदम. "परफेक्ट," उमाताई म्हणाल्या. फादर तिथे दोन हातांच्या अंतरावर उभे होते. फादर, ही बदला. एवढंच म्हणायचं होतं. सगळे होते, दिवस होता, वादक हातात वाद्य घेऊन बसले होते. पण ते म्हटलं की कुणीतरी विचारणार, तुम्हाला कधी कळलं? आणि उत्तर होतं, मार्चमध्ये. जेव्हा ती तुमच्या मुलीसाठी होती तेव्हा.

त्या दिवशी गाडीत बेसिल बोलला. कदाचित त्याने तिला चालताना पाहिलं होतं म्हणून. "मार्कवर रागावलीयस ना तू, फेब्रुवारीपासून?" तिने खिडकीची काच खाली केली. "त्याला मीच सांगितलेलं आहे, लहानपणीच. दहा वर्षांचा असेल. तुझा तो व्हायोलिनवाला फोटो त्याला बेसमेंटमध्ये सापडला होता, आजोबांबरोबरचा. तो तुला विचारायला वर धावत निघाला, मी अडवला. म्हटलं, आईला फार यायचं, चर्चमध्ये वाजवायची, पण बोटामुळे गेलं. तिच्यासमोर हा विषय कधी काढायचा नाही. त्या दिवशी उमाताईंनी विचारलं तेव्हा घाबरला बिचारा. तोंडाला आलं ते बोलला. घरी जाऊन मला फोन केला, डॅड, डिड आय हर्ट हर, म्हणून." गाडी सिग्नलला उभी होती. "मला का नाही सांगितलंस?" रिटाने विचारलं. "मला वाटलं तू सोडलंयस ते," बेसिल म्हणाला. "तुला हवं असतं तर तू बोलली असतीस." तो चुकीचं काही बोलत नव्हता. तिने पर्समधून फोन काढला, उमाताईंचं नाव उघडलं आणि त्याच्याकडे बघत बसली. मुलाने तिला वाचवायला खोटं सांगितलं होतं. वीस वर्षं तिच्या दुखण्याभोवती तो पाय न वाजवता चालला होता. आणि तिने त्या बदल्यात काय केलं होतं ते आता, ह्या सिग्नलला, फोन उचलून सांगायचं होतं. हिरवा लागला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. फोनची काच काळी झाली, तीत तिला स्वतःचं तोंड दिसलं, आणि तिने तो परत पर्समध्ये टाकला. शुक्रवार पूर्ण मोकळा होता. शुक्रवारी तिने फुलं लावली. प्रत्येक बाकाला पांढरा गुलाब आणि एक फांदी, सेहेचाळीस पावलांच्या दोन्ही बाजूंना, इतकी नेटकी की फादर स्वतः येऊन बघून गेले.

शनिवारी दोनशे माणसं वळून तिच्याकडे आणि मार्ककडे बघत होती. नारिंगी काठाची रेशमी साडी तिने नेसली होती. चौघांनी धून सुरू केली आणि ती तालमीपेक्षा कितीतरी सुंदर होती, हेच तिला सोसवेना. बायकांनी डोळ्यांना टिश्यू लावले. वसईकडच्या जुन्या ओळखीच्या, उमाताईंच्या पुण्याच्या बहिणी, मार्कच्या ऑफिसातली पोरं, सगळ्यांचे चेहरे हळवे, सुखी. वडील म्हणायचे ते तिला आता कळत होतं, ऐकणाऱ्याला काही होत नाही. वाजवणाऱ्याला होतं. आणि ती चालत नव्हती, वाजवत होती. ते चौघे वादक तिच्या न बोलण्यातून वाजवत होते. तिने मनात प्रार्थना म्हणायचा प्रयत्न केला आणि दर वेळी शब्द धुनीच्या लयीत जाऊन बसले. वेदीपाशी मार्कने वाकून तिच्या गालाला ओठ लावले. त्याचा गाल ऊन होता. तिने तो थोडा जास्त वेळ धरून ठेवला, इतका, की त्याला हसून सोडवून घ्यावं लागलं.

मिस्सा संपल्यावर बाहेर हिरवळीवर फोटो चालले होते. ईशिता मैत्रिणींच्या घोळक्यात होती. मार्क आईजवळ उभा होता, तिच्या कोपराला हात लावून, तिला पाणी हवं का विचारत. तेव्हा उमाताई आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, लिपस्टिक तेवढी जागेवर. "रिटा, एक मिनिट," त्या म्हणाल्या, आणि मग मार्ककडे बघून, "तूही ऐक, तुझ्यापासून काय लपवायचं. ती व्हायोलावाली बाई आत्ता सामान भरताना मला म्हणाली, अनयूज्वल चॉइस. मी म्हटलं म्हणजे काय. तर ती धून..." त्यांना शब्द सापडेना. "मयताची आहे हो ती. आई मुलाच्या प्रेतामागून जाते त्याची. तिला वाटलं मला माहीत असेल, काहीतरी पर्सनल कारण असेल. मला काय माहीत. मी फक्त ऐकली. इतकी गोड वाटली." त्यांनी रिटाचे दोन्ही हात धरले. चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेली ती बाई लहान मुलीसारखी रडत होती. "तुमच्या मुलाच्या लग्नात मी हे केलं. तुम्हाला मी त्या धुनीवर चालवलं. ईशिताला सांगू नका. मी स्वतःला कधी माफ करणार नाही." हीच ती घटका होती, जिची रिटाने मार्चपासून कल्पना केली होती. सिंफनीची सबस्क्रायबर तिच्यासमोर मान खाली घालून उभी होती. आणि आता एकच वाक्य म्हणायचं होतं, की उमाताई, चूक तुमची नाही, मला माहीत होतं. ते म्हटलं की ती बाई ह्या ओझ्यातून सुटणार होती. रिटाने एक हात सोडवून पर्समधला टिश्यू काढला. "मला त्यातलं काही कळत नाही, उमाताई," ती म्हणाली. "मला तर गोडच वाटली. डोळे पुसा, फोटो काढायचेत."

उमाताईंनी तिला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून रिटाला मार्क दिसत होता. तो तिच्याकडे बघत होता, चिडून नाही, दुखावून नाही, नुसता बघत होता, हिशेब लागत नसलेल्या माणसासारखा. आणि मग हिशेब लागला हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. आईला यायचं हे त्याला माहीत होतं. यादी मार्चपासून तिच्याकडे होती हेही माहीत होतं. तालमीत ह्याच धुनीवर चालताना त्याने तिला यू ओके विचारलं होतं, आणि ती बूट चावतोय म्हणाली होती. त्याने तिच्या कोपरावरचा हात काढला, कुणाला जाणवणार नाही अशा सावकाशपणे, आणि तो ईशिताकडे गेला.

त्याने तिला कधीच काही विचारलं नाही. महिन्यातून एकदा रविवारी दोघं जेवायला येत, तो ताट धुवून ठेवी, बेसिलशी हॉकीबद्दल बोले, निघताना तिला एका हाताने जवळ घेई. फोन केला की हाय मॉम, हाऊ आर यू, इज डॅड देअर. कुणी तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं. उमाताई मात्र बदलल्या. त्या आता तिला रिटाताई म्हणू लागल्या, दर बुधवारी फोन करू लागल्या, बहिणींना सांगू लागल्या की इतकं मोठं मन मी पाहिलं नाही, एका शब्दाने मला बोलली नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांनी दुपारच्या सिंफनीला रिटाला बरोबर नेलं. राजनना पायऱ्या चढवत नव्हत्या, बेसिल नको म्हणाला, म्हणून मार्क आणि ईशिता आली. चौघं पोर्ट क्रेडिट स्टेशनहून गो ट्रेनने, तिथल्या लोकलने, टोरोंटोला गेली. मखमली खुर्च्या खरोखरच मऊ होत्या. वादक येऊन आपापल्या जागी बसू लागले, ए हा सूर लावून तारा जुळवू लागले, आणि तो जुळण्याआधीचा सगळा गोंधळ रिटाच्या अंगावर आला, जसं घराचं दार उघडल्यावर आतला वास येतो. तिच्या मांडीवर डाव्या हाताची बोटं हलली. तिने उजवा हात त्यांच्यावर ठेवला. उमाताई मायेने तिच्याकडे झुकल्या आणि कुजबुजत समजावून सांगू लागल्या. "त्या समोर डावीकडे आहेत ना, त्या सगळ्या व्हायोलिन. आणि त्यांच्या पलीकडे दिसतंय का, ते व्हायोला. दिसायला तसंच, पण जरा मोठं, आवाज थोडा खालचा."

पलीकडच्या खुर्चीत मार्कने प्रोग्रॅमचं पान उलटलं नाही. तो ऐकत होता.

"हो का," रिटा म्हणाली.